दाभोळची मशीद आणि कॅमेऱ्याची चौकट

धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दाभोळ दिसू लागते. कौलारू घरे, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, मागे डोंगर आणि माडांच्या झावळ्यांतून डोके वर काढणारा एक घुमट. बोटीवर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल येतो आणि त्या घुमटाचे फोटो निघू लागतात. पहिल्या खेपेला आम्ही काही शिक्षक मिळून तेथे गेलो, तेव्हा आम्हीही तेच केले. घरी परतल्यावर सर्वांचे फोटो एकत्र केले. मशिदीचे पुष्कळ फोटो निघाले, पण बहुतेकांत इमारतीच्या पुढे आम्हीच उभे होतो. वर्गात दाखवण्यासाठी फोटो निवडू लागलो तर साधे साधे प्रश्न अडू लागले. ही इमारत उंच किती? तिचे तोंड कोणत्या दिशेला? हा फोटो नेमका कोठे उभे राहून काढला? एकाही फोटोवरून उत्तर देता येईना. प्रवासाची आठवण म्हणून ते फोटो ठीक होते, इतिहासाचे साधन म्हणून त्यांचा उपयोग जवळजवळ नव्हता.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही वाचून गेलो, आणि बरोबर मोजपट्टी, होकायंत्र व एक काठी नेली. त्या खेपेच्या निमित्ताने जे सुचले ते येथे मांडत आहोत. सहली काढणाऱ्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी गावाविषयी. दाभोळ म्हटले की अनेकांना वीज प्रकल्प आठवतो. १९९० च्या दशकात एन्रॉनमुळे हे नाव जगभर गाजले, पण तो प्रकल्प दाभोळात नाही. तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या परिसरात आहे. नाव मात्र उत्तरेकडच्या, दापोली तालुक्यातल्या जुन्या बंदराचे घेतले गेले, कारण या खाडीला ओळख होती ती त्याच नावाची. ही ओळख शेकडो वर्षांची होती. खाडीतून गलबते चिपळूणपर्यंत वर जात, तेथून माल बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे, म्हणजे देशावर चढे. बहामनी सुलतानांच्या काळात अरबस्तान आणि इराणकडचे घोडे या बंदरात उतरत. दक्षिणेत चांगल्या घोड्यांची पैदास फारशी होत नसे, म्हणून प्रत्येक राज्याला समुद्रापलीकडच्या घोड्यांची गरज असे. पुढे बहामनी राज्याचा वजीर झालेला महमूद गावान १४५३ च्या सुमारास इराणातून आला, तो दाभोळलाच उतरला. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७२ च्या आसपास परतीला निघाला, तो दाभोळहूनच जहाजात बसला.

या निकितिनाची एक गंमत आहे. व्होल्गाकाठच्या त्याच्या त्व्येर या गावी १९५५ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला. आपल्याकडे रेवदंड्याला, म्हणजे तो जेथे उतरला त्या चौलच्या बंदराशेजारी, त्याचे स्मारक आहे. ज्या बंदरातून त्याने हिंदुस्थानचा निरोप घेतला त्या दाभोळात मात्र त्याची खूण नाही. स्मारक कोठे उभे राहते आणि कोठे राहत नाही, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. आगमनाची स्मारके पुष्कळ असतात, निरोपाची फार थोडी.

आणि विध्वंसाची त्याहून थोडी. दाभोळला १५०८ च्या डिसेंबरअखेर जे घडले त्याचा एकही दगड गावात उभा नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मैदा याचा मुलगा लोरेन्सु त्याच वर्षी मार्चमध्ये चौलच्या नाविक लढाईत मारला गेला होता. मुलाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी अल्मैदा आपला आरमारी काफिला घेऊन दीवकडे निघाला आणि वाटेत दाभोळवर तुटून पडला. शहर लुटून जाळले, बायकामुलांचीही गय केली नाही. फिरंग्यांचा जसा कोप दाभोळवर झाला तसा तुझ्यावर होवो, अशा अर्थाचा शाप पुढे लोकांच्या तोंडी बसल्याचे पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे. त्यानंतर पाचेक आठवड्यांत, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, दीवची लढाई झाली आणि अरबी समुद्रावरील पोर्तुगीजांची सत्ता पक्की झाली. पाठ्यपुस्तकात दीव येते, दाभोळ येत नाही.

म्हणजे आज आपण ज्या मशिदीचा फोटो काढतो ती या जळालेल्या शहराची नव्हे. ती दीडशे वर्षांनंतरची, बंदर पुन्हा सावरून आदिलशाहीत नांदत होते त्या काळातली आहे. किनाऱ्यालगत एकच जुनी भव्य वास्तू उभी दिसते, म्हणून पाहणारा नकळत सगळा इतिहास तिच्यावरच लादतो. कॅमेरा त्याला मदतच करतो, कारण जे उभे आहे तेच चौकटीत येते.

गावात हिला शाही मशीद किंवा अंडा मशीद म्हणतात, माँसाहेबांची मशीद असेही नाव आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची माहिती आणि गावात सांगितली जाणारी कथा दोन्ही आहेत. कथा अशी. आयेशाबीबी नावाची विजापूरची एक शाहजादी मक्केला जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यानिशी दाभोळला आली. बरोबर वीस हजार घोडेस्वार होते. पण समुद्रात चाचांचे भय फार, म्हणून निघता येईना. तेव्हा यात्रेसाठी आणलेले धन, सुमारे पंधरा लाख रुपये, मौलवींच्या सल्ल्याने धर्मकार्याला लावायचे ठरले आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. काम चार वर्षे चालले. घुमटावर सोन्याचा मुलामा होता आणि वरची चंद्रकोर शुद्ध सोन्याची होती. मशिदीचा काळ गॅझेटियर १६५९-६० असा देतो.

अशी कथा वर्गात सांगावी की नाही? आमच्या मते सांगावी, पण सांगून थांबू नये. वीस हजार घोडेस्वारांचेच पाहा. एका घोड्याला दिवसाला आठ किलो सुका चारा धरला तरी वीस हजार घोड्यांना रोज एक लाख साठ हजार किलो, म्हणजे १६० टन चारा लागेल. कोकणात जमीन डोंगरउताराची, हाती येणारा चारा म्हणजे भाताचा पेंढा आणि डोंगरावरचे गवत. एवढी दाणावैरण एका खाडीकाठच्या गावाने महिनोन्‌महिने पुरवली हे संभवत नाही. सातवीच्या मुलांना हा गुणाकार करायला द्यावा. कथेतला आकडा मोजून आलेला नाही, तो शाहजादीच्या इभ्रतीचा आकडा आहे, हे मुलांना आपोआप कळते.

तारखेचे मात्र तसे नाही, ती अधिक विचार करायला लावते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि लगेच मराठी फौजा कोकणात व पन्हाळ्याकडे पसरल्या. फेब्रुवारी १६६१ च्या आरंभी उंबरखिंडीत कारतलबखानाचा पाडाव केल्यावर शिवाजीमहाराज दक्षिणेकडे वळले आणि त्यांनी दाभोळ घेतले. मशिदीचे काम १६५९ ला सुरू होऊन खरोखर चार वर्षे चालले असेल, तर ते विजापूरच्या अमलात सुरू झाले आणि शिवाजीमहाराजांच्या अमलात पुरे झाले, असे मानावे लागते. नाही तर चार वर्षे तरी चूक, किंवा १६५९-६० हे काम संपल्याचे वर्ष. तीनही शक्यता फळ्यावर लिहून मुलांना वाद घालू द्यावा. आणखी एक धागा आहे. मुहम्मद आदिलशहाची विधवा राणी बडी साहेबा ही याच सुमारास, १६६१ च्या आसपास, वेंगुर्ल्याहून डच जहाजाने मक्केच्या यात्रेला निघाली होती. विजापूरच्या राजघराण्यातल्या स्त्रिया यात्रेसाठी कोकणच्या बंदरांवर येत, एवढा दाभोळच्या कथेचा गाभा त्यावरून अगदीच निराधार वाटत नाही. पण म्हणून दाभोळच्या माँसाहेब आणि बडी साहेबा या एकच, असे म्हणण्याची घाई करू नये. जुळणाऱ्या दोन गोष्टी दिसल्या की त्यांची गाठ मारण्याचा मोह इतिहासात फार नडतो.

आता कॅमेऱ्याकडे वळू. वास्तूंची छायाचित्रे ही त्यांच्या अभ्यासाची साधने आहेत, ही कल्पना आपल्या भागात फार लवकर आली. छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला १८३९ मध्ये, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या नव्या कलेत रस घेणारे होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. १८५५ मध्ये कॅप्टन टॉमस बिग्ज यांना मुंबई इलाख्यातल्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्यासाठी नेमण्यात आले. विजापूर, बदामी, ऐहोळे येथे त्यांनी काम केले आणि त्यांच्यानंतर डॉ. विल्यम पिगू यांनी ते पुढे नेले. या छायाचित्रांचा विजापूरविषयीचा मोठा ग्रंथ १८६६ मध्ये निघाला. कॅमेरा तिकाटण्यावर चढवायचा, कागदाच्या किंवा काचेच्या निगेटिव्हवर बराच वेळ प्रकाश पडू द्यायचा, तोवर कोणी हलायचे नाही. त्या काळच्या अशा चित्रांत अनेकदा भिंतीपाशी एखादा माणूस उभा असतो. तो हौसेने उभा नसतो, इमारतीचे माप कळावे म्हणून त्याला उभे केलेले असते.

याच १८६६ सालच्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. मेजर रॉबर्ट गिल यांनी अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून तेथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रती केल्या होत्या. तेथे मांडलेल्या त्या प्रतींपैकी बहुतेक जळून गेल्या. गिल यांनी अजिंठ्याची छायाचित्रेही घेतली होती. छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात व अनेक ठिकाणी राहतात, तैलप्रत एकच असते. नोंद एकाच जागी ठेवली की ती नोंदही वास्तूइतकीच नाशवंत होते. दाभोळच्या घुमटावरचा मुलामा आज नाही. चंद्रकोरही नाही. त्यांच्याविषयी आपल्या हाती उरल्या आहेत त्या गॅझेटियरमधल्या ओळी.

गॅझेटियरमध्ये मापेही आहेत. इमारत ६३ फूट बाय ५४ फूट, चार मिनार आणि घुमटाची पायथ्यापासून शिखरापर्यंत उंची ७५ फूट. येथे आम्ही अडखळलो. पायथ्यापासून म्हणजे कोणाच्या पायथ्यापासून? घुमटाच्या की इमारतीच्या? पुस्तक वाचून हे सुटत नाही, फोटो पाहून मात्र झटकन सुटते. ६३ फूट रुंदीच्या इमारतीवर नुसता घुमटच ७५ फूट उंच असता तर तो खालच्या भिंतीला अगदी खुजी करून टाकता. तसे मुळीच दिसत नाही. तेव्हा ७५ फूट ही जमिनीपासूनची एकूण उंची असली पाहिजे. ती कितपत बरोबर आहे, हे फोटोवरून तपासता येते.

कृती सोपी आहे, फक्त एक चूक हटकून होते. मशिदीसमोर, बरोबर मध्यरेषेवर उभे राहावे. कॅमेरा वर तिरपा करू नये. तो तिरपा केला की मिनार आतल्या बाजूला झुकलेले दिसतात आणि मापे बिघडतात. कॅमेरा उभा धरून लांब गेले की तिरपा न करताही शिखर चौकटीत येते. दर्शनी भिंतीला टेकवून दोन मीटरची काठी उभी धरावी. समजा, कॅमेरा भिंतीपासून ४० मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर आहे. छापलेल्या फोटोत काठी ८ मिलिमीटर आली, म्हणजे एका मीटरला ४ मिलिमीटर. कॅमेऱ्याच्या पातळीच्या रेषेपासून शिखर ७१ मिलिमीटर वर आले. आता ७१ ला ४ ने भागून १७.७५ मीटर आणि त्यात दीड मीटर मिळवून १९.२५ मीटर, म्हणजे सुमारे ६३ फूट, असे उत्तर मुले देतील. गॅझेटियर चुकले म्हणून टाळ्याही वाजवतील.

पण काठी भिंतीपाशी आहे आणि शिखर भिंतीपाशी नाही. इमारतीची खोली ५४ फूट, म्हणजे साडेसोळा मीटर. घुमट मध्यावर धरला तर शिखर भिंतीच्या सुमारे ८ मीटर मागे, कॅमेऱ्यापासून ४८ मीटरवर आहे. लांबची वस्तू लहान दिसते, म्हणून तेथे एका मीटरला ४ मिलिमीटर नव्हे तर ४ गुणिले ४० भागिले ४८, म्हणजे ३.३३ मिलिमीटर धरले पाहिजेत. ७१ भागिले ३.३३ म्हणजे २१.३ मीटर, त्यात दीड मिळवून २२.८ मीटर. हे झाले ७५ फूट. हिशेब समजावा म्हणून आकडे सोपे घेतले आहेत. प्रत्यक्षात माडांमुळे इतके मागे जायला जागा मिळतेच असे नाही, मग थोडे जवळून फोटो घेऊन शिखराखाली जेवढे दिसेल तेवढेच मोजावे लागते. पण समरूप त्रिकोण शिकवायला याहून चांगले प्रमेय आम्हाला सापडलेले नाही.

फोटो केव्हा घ्यावा हेही विचाराने ठरवावे. मक्का आपल्या पश्चिमेला आहे, नमाज पढणारे पश्चिमेकडे तोंड करतात, म्हणून आपल्याकडच्या मशिदींचा दर्शनी भाग पूर्वेला येतो. दाभोळची मशीदही पूर्वाभिमुख आहे. दुपारनंतर गेलात तर ऊन तिच्या पाठीमागून येते, दर्शनी कमानी काळवंडतात आणि मागे आकाश पांढरेफटक होते. आमच्या पहिल्या खेपेचे बहुतेक फोटो असेच वाया गेले. सकाळी लवकर गेले पाहिजे. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. मशिदीकडे तोंड करून उभे राहिले तर ऊन डाव्या हाताने तिरपे येते आणि दगडातली नक्षी उठून दिसते. घुमटाच्या बुडाशी कमळासारख्या पाकळ्या आहेत. विजापूरच्या घुमटांची ही खास ओळख, आणि ती तिरप्या उन्हातच नीट टिपता येते.

होकायंत्राचाही प्रयोग आहे. दाभोळहून मक्केची दिशा पृथ्वीच्या गोलावर काढली तर ती बरोबर पश्चिमेला येत नाही, पश्चिमेपासून सुमारे १२ अंश उत्तरेकडे येते. जुन्या मशिदी बांधताना कधी आकाशाच्या आधारे नेमकी दिशा काढत, कधी सरळ मावळती धरत. बाहेरच्या बाजूच्या भिंतीलगत होकायंत्र धरून तिची दिशा मोजली की येथल्या कारागिरांनी काय केले ते मुलांना स्वतःच काढता येते. होकायंत्र लोखंडी सळ्या आणि मोबाईल यांच्यापासून दूर ठेवावे.

हे सगळे करताना ही नमाजाची जागा आहे याचा विसर पडू देऊ नये. आत जाण्याआधी विचारावे, नमाजाची वेळ टाळावी, प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो घेऊ नयेत. गावातच चंडिकादेवीचे भुयारी देऊळ आहे. गॅझेटियर त्याला बदामीच्या लेण्यांच्या, म्हणजे सहाव्या शतकाच्या, काळाचे मानते. तेथे वाकून अंधारात शिरावे लागते. आम्ही तेथे मोबाईल खिशातच ठेवला. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात आणि मग कडेचा दगड हळूहळू दिसू लागतो. फ्लॅश मारणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

फोटोसोबत आता तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. पण मोबाईल बदलला, फोटो एकमेकांना पाठवले की ही नोंद बऱ्याचदा पुसली जाते. म्हणून आम्ही निवडक फोटो छापून घेतले आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहिले: तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, भिंतीपासून अंतर किती, काठी किती लांबीची. एक संच शाळेत ठेवला आणि दुसरा दुसऱ्या गावच्या शाळेला दिला. खाऱ्या वाऱ्याने दगडाचे पापुद्रे सुटतात, चुन्याचे सांधे उघडे पडतात, पावसाळ्यात फटींत झाडे रुजतात, आणि दुरुस्ती करणारे चुन्याच्या जागी सिमेंट वापरतात. हे बदल एका फोटोत दिसत नाहीत. त्याच जागेवरून, त्याच महिन्यात, त्याच वेळी काढलेले दहा वर्षांचे दहा फोटो शेजारी शेजारी ठेवले तर दिसतात. आम्ही जेथे उभे राहिलो ती जागा पायऱ्यांच्या मध्यापासून पावले मोजून वहीत लिहून ठेवली आहे. पुढच्या डिसेंबरात नववीचा वर्ग तेथे काठी घेऊन जाणार आहे.